स्पेनमधल्या एखाद्या डोंगराळ खेड्याचा सण बघायला जावं का? की ते सगळं आता पर्यटकांपुरतंच उरलंय?

प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. मी नऊ वर्षं स्पेनमधल्या सारागोसा शहरात राहतो. जायचं असेल तर बिएल्साला जा, कार्निव्हलला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या तोंडावर येणाऱ्या सोंगांच्या सणाला. टोमॅटो फेकायच्या सणासाठी बुन्योल आणि बैलांपुढे धावायच्या सणासाठी पाम्प्लोना तुम्हाला कुणीही सांगेल.

बिएल्सा आरागोन प्रदेशाच्या पार वरच्या टोकाला, पिरेनीजच्या डोंगरांमध्ये, फ्रान्सला लागून. वस्ती पाचशेच्या आसपास. 1938 मध्ये यादवी युद्धात बॉम्ब आणि आगीने गाव बेचिराख झालं, माणसं डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेली. पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत देशभर कार्निव्हलवर बंदी होती, तरी या गावाने आपला सण मोडला नाही. फ्रान्सकडे जाणारा बोगदा झाला 1976 मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत तिथं फिरायला फारसं कुणी फिरकतही नव्हतं, त्या वर्षांत हे लोक शिंगं बांधून नाचत होते. कुणाला दाखवायला?

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या बाईंच्या स्वयंपाकघरात त्यांचा भाचा तयार होत होता. तो ट्रांगा, म्हणजे या कार्निव्हलमधलं शिंगांचं सोंग, होणार होता. तेलात काजळी कालवून तोंड काळंकुट्ट केलेलं, बटाट्याचे कापून केलेले मोठाले दात, पाठीवर कातडं आणि डोक्यावर शिंगं. हातात लांब काठी. शेवटी बाईंनी त्याच्या कमरेला मागच्या बाजूने गुरांच्या गळ्यातल्या घंटा बांधल्या. तो हलला, घंटा वाजल्या आणि मी एकदम गुहागरला पोचलो.

आमच्याकडे शिमग्यात संकासुर असतो. काळा पोशाख, उंच टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. माझे आजोबा संकासुर व्हायचे. ते गेल्यावर मी काकांना म्हटलं, पुढच्या शिमग्याला मी येतो, मला सोंग घेऊ द्या. काका म्हणाले, "वर्षातून एकदा येणाऱ्याने पालखीला नमस्कार करावा, नारळ द्यावा नि जावं. सोंग गावात राहणाऱ्याचं." सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या जागी, चार माणसांत म्हणाले. मी उलट बोललो नाही. आजवर ते मनातून गेलेलं नाही.

म्हणून मी त्या बाईंना विचारलं, भाचा कुठे राहतो? सारागोसात, ट्रक चालवतो. आणि इथं कुणी हरकत घेत नाही? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. दोनदा समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "तो नाही तर मग कोण?" गावात तरुण उरलेत किती! अस्वल होणारा, अस्वलाला हाकणारा, ट्रांगा, सगळ्यांना माणसं लागतात. संध्याकाळी ट्रांगा दारोदार जाऊन मादामांना बोलावतात. मादामा म्हणजे पांढऱ्या पोशाखावर रंगीत फिती लावलेल्या मुली. त्यातल्या कितीतरी शिक्षणासाठी बाहेर असतात आणि त्या चार दिवसांसाठी घरी येतात. नगरपालिकेच्या 16व्या शतकातल्या इमारतीवर कोर्नेलियो सोरिया नावाचा पेंढा भरलेला पुतळा टांगतात. वर्षभरातलं सगळं वाईट त्याच्या माथी मारायचं आणि शेवटी त्याला जाळायचं. आमच्या शिमग्याच्या होमात, म्हणजे होळीत, आणि त्यात मला काही फरक दिसला नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. बाहेर राहून सणाला न चुकता येतो तो गावचाच. स्पेनच्या कितीतरी खेड्यांनी तर ग्रामदैवताचा उत्सव ऑगस्टमध्ये नेला, कारण शहरात गेलेली माणसं तेव्हाच परत येतात. तिथी महत्त्वाची, पण पालखीला खांदा द्यायला माणूस नसेल तर तिथीचं काय करायचं? काकांचं वय आता 78 आहे. गेल्या वर्षी पालखी नाचवायला शेजारच्या वाडीतून मुलं बोलवावी लागली, हे त्यांनीच फोनवर सांगितलं.

पर्यटक बिएल्सालाही येतात, नाही असं नाही. चौकात मोबाइल वर धरून उभे असतात. त्यांच्यामुळे सण खोटा होत नाही. हां, फक्त फोटोंसाठीच जाणार असाल तर जाऊ नका.

कार्निव्हल ईस्टरच्या हिशोबाने फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. खोल्या मोजक्या, आधीच सांगून ठेवा. रस्त्यावर बर्फ असू शकतं आणि वाटेतल्या ऐन्सा गावाच्या पुढे रात्री गाडी चालवायची सवय नसेल तर दिवसाच पोचा. थंडी अजिबात सोसत नसेल तर 23 जूनच्या रात्री कातालोनियातल्या इसिलला जा. डोंगरावरून पेटते ओंडके खांद्यावर घेऊन उतरतात. युनेस्कोच्या यादीत 2015 पासून पिरेनीजमधले हे अग्निउत्सव आहेत. तेही सुंदर आहे, पण मी सांगेन बिएल्साच.

यंदा फाल्गुनात मी गुहागरला जातोय. आजोबांचा पट्टा आईने माळ्यावरून काढून ठेवलाय, तुटलेली घुंगरं मी इथून नवीन घेतलीत. काकांना अजून कळवलेलं नाही.