गाडीतल्या वायरींचा गुंता
डॅशकॅम (पुढच्या काचेवर लावायचा कॅमेरा), मोबाईल चार्जर, टायरचा पंप हे सगळं एकाच सॉकेटला स्प्लिटर लावून चालवायचा बेत असेल, तर आधी फ्यूज बघ. 12 व्होल्टच्या सॉकेटला 10 अँपिअरचा फ्यूज असेल तर जेमतेम 120 वॅट मिळतात, आणि पंप एकटाच तेवढे खाऊ शकतो. पंप चालवताना बाकीचं काढून ठेव. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज मात्र घालू नकोस. मग फ्यूजऐवजी वायर तापते.

डॅशकॅमची वायर काचेच्या वरच्या कडेने छताच्या अस्तरात बोटाने सरकवत ने, सहज जाते. खरी काळजी पुढच्या खांबापाशी, म्हणजे समोरची काच आणि दार यांच्या मधल्या पट्टीपाशी. तिथे बऱ्याच गाड्यांत कर्टन एअरबॅग, म्हणजे बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, असते. वायर तिच्या मागून, गाडीच्या मूळ वायरींच्या जोडीने जायला हवी. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना मध्ये येते. हात बसलेला नसेल तर एवढं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घे, त्यात कमीपणा नाही.

उरलेली वायर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सैल गुंडाळून बांध. पेडलांच्या आसपास काहीही लोंबता कामा नये.

आणि हो, पार्किंगमध्येही कॅमेरा चालू ठेवायचा असेल तर व्होल्टेज उतरलं की आपोआप बंद होणारं हार्डवायर किटच (कॅमेरा सॉकेटऐवजी थेट गाडीच्या फ्यूजबॉक्सला जोडणारं) घे, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.