दहा दिले, नऊ मिळाले

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. सोलापूरच्या एका खासगी रुग्णालयात तीन महिन्यांपासून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नर्स आहे. गेल्या आठवड्यात सिझेरियनच्या वेळी मोजणीत एक मॉप (पोटातलं रक्त टिपायचा कापडी तुकडा) कमी भरला. सर घाईत होते, म्हणून मी दोन मिनिटं गप्प राहिले. मॉप नंतर रुग्णावर पांघरलेल्या कापडाच्या, ड्रेपच्या, घडीत सापडला. पण इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘तुला टीममध्ये काम करता येत नाही.’ मी कुणाशी भांडत नाही, सांगतील ते करते. मग माझं चुकतं कुठं?

उत्तर : तुझं पत्र वाचून मला १९८९ सालची एक रात्र आठवली. जिल्ह्याच्या गावातलं रुग्णालय, रात्रीचे दोन, सिझेरियनच. मी स्क्रब झाले होते, म्हणजे हात निर्जंतुक करून सरांच्या हाताशी उभी होते. सरांनी पोट बंद करायला घेतलं आणि मी घाईनं मोजून ‘काउंट बरोबर’ म्हणून टाकलं. तेवढ्यात बादलीतले भिजलेले मॉप मांडणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, ‘ताई, माझ्याकडं नऊच आलेत.’ दहावा पोटात होता. चार वर्षं आम्ही एकत्र काम करत होतो आणि त्या मावशींचं नाव मला ठाऊक नव्हतं.

तू भांडत नाहीस हे चांगलंच, पण ओटीत तेवढ्यानं भागत नाही गं. तुला दिसलं ते बाकीच्यांच्या कानावर त्याच क्षणी पडायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी काढली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्णाला ओटीबाहेर नेण्याआधी थांबायचं. चीर घेण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. ‘आम्ही तर रोजचेच’ म्हणत नेमक्या याच मुद्द्यावर नुसती टिक होते, याचं मला फार वाईट वाटतं. नाव सांगताना ज्याचा आवाज एकदा फुटला, तो पुढं अडलं तरी बोलतो. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

मॉप देताना मोठ्यानं ‘पाच दिले’ म्हण, स्क्रब सिस्टरकडून ‘पाच घेतले’ ऐकल्याशिवाय बोर्डावर लिहू नकोस. कमी भरला तर ‘सर, मला वाटतं…’ अशी सुरुवात नको. ‘सर, मॉप दहा दिले, नऊ मिळाले, बंद करू नका’ एवढंच. ऐकलं नाही तर तेच वाक्य पुन्हा, मग भूलतज्ज्ञांना सांग. तरीही मॉप मिळाला नाही तर एक्स-रे मागायचा, मॉपमधला धागा त्यात दिसतो. सर चिडतील. माझ्यावरही चिडले होते, आणि सकाळी राउंडला त्यांनीच मावशींना बोलावून घेतलं.

उद्या पहिल्या केसच्या आधी तुमच्या मावशींना त्यांचं नाव विचार, आणि बादलीतले मॉप त्यांच्यासोबत तू स्वतः मोज.