बाळ झाल्यापासून आम्हा दोघींत सतत खटके उडतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंत की बाळ पाच महिन्यांचं आहे, जन्म जोडीदारणीने दिला आणि तुम्हाला घरात पगाराविना कामाला ठेवलेल्या बाईसारखं वाटतं. मला यात तुमचा मत्सर कमी दिसतो, कागदांचा हात जास्त. २०२१च्या एआरटी कायद्याने (आयव्हीएफसारख्या गर्भधारणेच्या उपचारांचा कायदा) उपचार मिळतात ते विवाहित जोडप्याला नाहीतर एकट्या स्त्रीला. त्यामुळे दवाखान्यात सह्या करताना ती एकटी. ऑक्टोबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा आई म्हणून कायद्याच्या लेखी तुम्ही नाहीच. त्यात बारशाला एखाद्या मावशीने "ही मैत्रीण का गं?" विचारलं आणि जोडीदारीण गप्प राहिली, की पुढे आठवडाभर भांडण दुपट्यांवरून होतं, राग मात्र त्या गप्प बसण्याचा असतो. तो तिला एकदा स्पष्ट सांगा.

आणि एक काम पूर्ण तुमचं करून घ्या. मालिश-आंघोळ घ्या, किंवा रात्रीचं एक दूध, तिने काढून ठेवलेलं, वाटी-चमच्याने. तिने दारात उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत (हे तिला जड जाणार!). मृत्युपत्रात तुम्हाला बाळाची पालक नेमण्याबद्दल दोघी मिळून वकिलाशी बोला.

बाळ झोपलेलं असूनही तिला झोप लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते तुम्हालाही होऊ शकतं. डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.