मे महिन्याची सुट्टी: वाचकांचे प्रश्न

सुट्टीबद्दल आलेल्या पत्रांतला मुख्य प्रश्न एकच आहे: मुलांना रोज नेऊ कुठे? रोज कुठे न्यायची गरज नाही, असं आमचं ठाम मत आहे. तीन-चार दिवस पुरेल असं एखादं खरं काम मुलांच्या हाती द्यावं, ते त्यांच्याकडूनच तडीला न्यावं आणि बाहेर जायचं ते ऊन आणि खाडीचं पाणी बघून. पुढची उत्तरं याच धोरणाने दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीला जातो. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. दोघं दिवसभर आजीजवळ असतात. आजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना मुलांच्या मागे पळता येत नाही. सकाळी दहापासून टीव्ही सुरू होतो. दिवस कसा लावावा? (घोडबंदर रोड, ठाणे)

शाळेसारखं तासातासाचं वेळापत्रक लावू नका, दोन दिवसांत मोडेल. दिवसाचे तीन तुकडे पुरतात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ बाहेर: सायकल, बॅडमिंटन, पोहणं. अकरा ते साडेचार घरात. साडेपाचनंतर पुन्हा खाली. आपल्याकडे पारा विदर्भाइतका चढत नाही, पण हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून ३४-३५ अंशालाही मूल पार गळून जातं. भर दुपारी क्रिकेटला पाठवू नका, भले सगळी बिल्डिंग खेळत असो.

दुपारच्या तुकड्यात आजींना राखणदार करू नका, खेळगडी करा. सागरगोटे, काचापाणी, पत्ते, नवा व्यापार हे सगळं बसून होतं. सहा वर्षांच्या मुलीला पाच सागरगोटे जड जातात. आधी दोनच द्या. एक वर उडवायचा, दुसरा जमिनीवरचा उचलायचा आणि पहिला झेलायचा. ते जमलं की तिसरा. रोज एक स्वयंपाकघरातलं कामही ठेवा: शेंगा सोलणं, लसूण निवडणं, कैरी किसणं. मुलाला कैरीची किसणी देताना कैरीचा शेवटचा बोटभर तुकडा किसायचा नाही, तो सुरीने चिरायला आजींकडे द्यायचा. बोटं सोलवटतात ती त्याच तुकड्यापाशी.

प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी ठेवा, म्हणजे कोण किती प्यायलं ते संध्याकाळी कळतं. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. जुलाब-उलटी झाली आणि घरात ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. अंग तापलेलं आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा गुंगीत आहे, असं दिसलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलांबरोबर गच्चीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. काही उचलतानाच मोडल्या, काही तळल्यावर मध्ये कडक राहिल्या आणि उरलेल्यांना आठवड्याभरात बुरशी आली. चुकलं कुठे? (कोपरी, ठाणे)

तीन खोडी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी. आधी प्रमाण बघू. एक वाटी साबुदाणा धुऊन दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात तीन वाट्या पाणी उकळवा, त्यात जिरं, वाटलेली मिरची आणि मीठ घाला, मग साबुदाणा पाण्यासकट ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. दाणा काचेसारखा आरपार दिसला पाहिजे. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

मध्ये कडक राहिलेल्या पापड्या म्हणजे कच्चा राहिलेला दाणा. पळीतलं मिश्रण उजेडात धरून बघायचं. दाण्यात पांढरा ठिपका दिसतोय तोवर गॅस बंद करायचा नाही. ही तपासणी मुलांकडे द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा बारीक असते.

उचलताना मोडल्या म्हणजे मिश्रण पातळ होतं किंवा घाई झाली. पळीतून मिश्रण सलग, जाडसर धारेने पडलं पाहिजे. पाण्यासारखं पडलं तर पापडी कागदासारखी पातळ होते आणि प्लॅस्टिकला चिकटून बसते. पहिल्या दिवशी पापडीला हात लावायचा नाही. कडा आपण होऊन वर उचलल्या की मगच उलटायची. जुन्या धोतरावर घातल्या असतील तर कापड उलटं करून पाठीमागून पाण्याचा हात फिरवा, सुटून येतात. प्लॅस्टिक घ्यायचं तर जाड, पारदर्शक आणि नवं घ्या, छापील नको.

बुरशीचं कारण जाडी आणि रात्रीची हवा. जाड पापडी वरून वाळलेली दिसते, पोटात ओली असते. ठाण्याची रात्रीची हवा दमट, त्यामुळे दिवसभर वाळवलेलं रात्रभर गच्चीत ठेवलं की पुन्हा ओल धरतं. सूर्य कलला की कागदासकट घरात आणा, पंख्याखाली ठेवा आणि सकाळी परत ऊन दाखवा. अशी तीन उन्हं लागतात. वाळली की नाही हे वाकवून बघायचं. कट्‌कन तुटली तर झाली, वाकली तर अजून एक ऊन. मग एक तळून बघा आणि गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम पापड्या डब्यात कोंडल्या तर झाकणाला पाणी सुटतं आणि तिथून बुरशी सुरू होते.

मिठाचं एक ध्यानात ठेवा. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून मिश्रण चाखल्यावर किंचित अळणी लागलं पाहिजे. एका वाटीला एक सपाट चमचा मीठ भरपूर झालं.

मुलांची कामं आधीच वाटून ठेवा. शिजलेला साबुदाणा हाताला चिकटून भाजतो, म्हणून पातेलं आणि पळी मोठ्यांकडे. कोमट झालेलं मिश्रण वाटीत काढून द्या, मुलं चमच्याने घालतील. दोन पापड्यांत दोन बोटांचं अंतर. लहानग्यांची पापडी गोल होत नाही, तशीच राहू द्या. मोठ्या मुलाला वजनकाटा द्या. कोरडा साबुदाणा किती, शिजलेलं मिश्रण किती, वाळलेल्या पापड्या किती, हे त्याने लिहावं. वाळल्यावर वजन जवळजवळ मूळ साबुदाण्याइतकंच येतं आणि मधलं सगळं पाणी उन्हाने नेलं, हे त्याला स्वतःच्या वहीत दिसतं. विज्ञानाच्या पुस्तकातलं बाष्पीभवन याहून नीट समजवता येणार नाही.

कबुतरांचा बंदोबस्त हवाच. दोन खुर्च्या उलट्या ठेवून पायांवर मच्छरदाणी ताणा, नुसती पापड्यांवर पसरली तर चिकटते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. गच्चीत मूल एकटं सोडायचं नाही आणि अनवाणी तर नाहीच, दहा वाजताच फरशी चटके देऊ लागते.

प्रश्न : फ्लेमिंगो दाखवायला मुलांना नेरूळच्या पाणथळीवर नेलं. सकाळी दहाला पोचलो, एकही पक्षी नव्हता. मुलं हिरमुसली. कधी जावं? (खारघर)

वार आणि सुट्टी बघून गेलात, भरती बघून जायला हवं होतं. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, ओहोटीला खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलात खातात. भरतीचं पाणी चढून चिखल बुडाला की ते आतल्या तलावांत आणि पाणथळींत येऊन उभे राहतात. म्हणजे नेरूळला ते भरतीच्या आसपास दिसतात.

भरतीची वेळ काढायला कोळीवाड्यातला जुना हिशेब आहे आणि तो मुलांकडूनच करून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९ वाजता भरती, सकाळीही आणि रात्रीही. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच गणित. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. भरती रोज पाऊण तासाने, नेमकं सांगायचं तर ५० मिनिटांच्या आसपास, पुढे सरकते म्हणून ही पाऊणपट जमते. खाडीत आत पाणी पोचायला थोडा वेळ लागतो, तेवढा उशीर धरा. हिशेब काढून झाला की भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून बघायला सांगा.

यातून मुलांना घेऊन जायचा दिवस असा निघतो: एकादशी किंवा द्वादशी, सकाळी सातला तिथे हजर. भरती सव्वाआठ ते नऊला, म्हणजे पक्षी थव्याथव्याने येताना दिसतात आणि ऊन तापायच्या आत तुम्ही घरी. संध्याकाळ हवी असेल तर षष्ठी-सप्तमी. अष्टमी-नवमीला वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा भांगाची भरती असते. पाणी कमी चढतं, चिखल पुरता बुडत नाही आणि बरेच पक्षी खाडीतच राहतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पक्षी येतात, पण भर दुपारी. त्या उन्हात मुलांना उभं करू नका.

छोटा रोहित आणि मोठा रोहित दोन्ही इथे दिसतात. छोट्याची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल आणि अंग जास्त गुलाबी. मोठा उंच, पांढरट आणि चोच गुलाबी, टोकाला काळी. राखाडी दिसतात ती पिल्लं. त्यांना गुलाबी रंग पुढे शेवाळासारख्या खाण्यातून चढतो. दुर्बीण घ्यायची तर ८ पट मोठं दाखवणारी घ्या. मुलांच्या हातात याहून मोठी स्थिर राहत नाही. काठावरून दगड मारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. एकदा उडवलेला थवा त्या भरतीला परत येईलच असं नाही.

बोटीतून बघायचं असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात चौकशी करा. फेऱ्या भरतीवर ठरतात, म्हणून आधी वेळ विचारूनच निघा. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत आहे. मुलांना हे तिथे उभं राहून सांगा. पावसाची चाहूल लागली की पक्षी जातात, तेव्हा मेच्या तिसऱ्या आठवड्यापुढे थांबू नका.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे, प्रयोगांची आवड आहे. पैसे न लागता महिनाभर चालेल असं काही? (ऐरोली)

सावली मोजायला सांगा. एक मीटरची सरळ काठी, झाडूचा दांडा चालेल, कुंडीत वाळू भरून उभी करा. दोरीला नट बांधून ओळंबा करा आणि काठी दोन बाजूंनी तपासा. काठी एक अंश जरी कलली तरी सावली पावणेदोन सेंटिमीटरने चुकते. इथे गडबड होते ती बहुतेक यामुळेच.

आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, मे महिन्यात १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराला. घड्याळ पूर्वेच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण पश्चिमेला आहोत, म्हणून हा फरक. दर दोन-तीन दिवसांनी याच वेळी सावलीचं टोक खडूने खुणावून लांबी लिहायची. १ मेला ती साधारण ७ सेंमी, उत्तरेकडे. मग आखडत जाते आणि नवी मुंबईत १५ मे, ठाण्यात १६ मेच्या सुमारास नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर सावली उलट बाजूला, दक्षिणेकडे पडते आणि ३१ मेपर्यंत साधारण पावणेपाच सेंमी होते. मुंबई-ठाण्यात दक्षिणेकडे पडलेली दुपारची सावली वर्षातून काही आठवडेच दिसते आणि त्यातला बराच काळ पावसाळ्यात जातो, म्हणून मेचा दुसरा पंधरवडा सोडू नका. सूर्याकडे बघायचं नाही, नजर जमिनीवर. टोपी घालून पाच मिनिटांत परत सावलीत.

प्रश्न : हापूसच्या कोयी लावल्या, एकही रुजली नाही. (नौपाडा, ठाणे)

कोय वाळली असणार. आंब्याच्या कोयीतला गर वाळला की मरतो. खाल्ल्यावर धुऊन आठवड्याच्या आत लावायची. बोथट कात्रीने कडेने टरफल फोडून आतला गर काढला तर लवकर रुजतो, हे काम मोठ्यांनी करावं. त्यावर भोक दिसलं तर आत भुंगा आहे, फेकून द्या. दुधाच्या लिटरच्या पिशवीला तळाशी चार-पाच भोकं पाडा, अर्धी माती, पाव वाळू, पाव शेणखत भरा आणि फुगीर कड वर ठेवून दोन बोटं खोल लावा. एक दिवसाआड पाणी. रोज घातलं तर कुजते. दोन ते तीन आठवड्यांत कोंब येतो. पहिली पानं तांबूस असतात, ती सुकलेली नव्हेत.

मात्र हापूसच्या कोयीला हापूसच लागेल असं मुलांना सांगू नका. बियांपासूनचं झाड वेगळंच फळ देतं, तेही बऱ्याच वर्षांनी. तांबूस पानांचं कोवळं रोप हेच कोय कलमाचं साहित्य. कोकणातल्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या सुरुवातीला अशा रोपावर हापूसची काडी बांधतात. गावी कोणी कलमं करणारं असेल तर रोप घेऊन जा.

प्रश्न : ओवळेकरवाडीला फुलपाखरं बघायला मेमध्ये जावं का? (कासारवडवली, ठाणे)

ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. फुलपाखरांचा बहर पावसाळ्यानंतर असतो. मेमध्ये जंगल हवं असेल तर येऊर, पहाटेचं उजाडल्यावर आणि साडेनऊच्या आत परत. बहावा फुललेला असतो, करवंदं काळी पडलेली असतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तोडायचं काही नाही, बघायचं. बिबट्याचा वावर आहे, म्हणून मुलं मोठ्यांच्या मध्ये चालतील, मागे रेंगाळणार नाहीत. माणशी एक लिटर पाणी आणि पायात बंद बूट.