वडील फौजेतून निवृत्त झालेत, रात्री ओरडत उठतात, डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. मदत कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की वडील काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये होते, घरी आल्यापासून झोप उडालीय, रोज पितात, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे का?" म्हणून उठून जातात. मी स्वतः माजी सैनिक आहे, पीटीएसडीवर (भयंकर प्रसंगाच्या आघातातून होणारा मानसिक आजार) उपचार घेतलेत.

आधी त्यांचा नकार समजून घ्या. नोकरीत आमची तब्येत 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. त्यातलं पहिलं 'एस' म्हणजे मानसिक स्थिती. ते बिघडलं की मेडिकल कॅटेगरी खाली येते. प्रमोशन, कोर्स, हातातलं हत्यार, सगळ्यावर त्याची सावली पडते. म्हणून जवान कंबरदुखी सांगतो, पण झोप लागत नाही हे सांगत नाही. उभ्या नोकरीत जपलेली ही सवय पेन्शन सुरू झाली म्हणून सुटत नाही. त्यांना स्पष्ट सांगा की आता कोणी कॅटेगरी लावणार नाही, आणि उपचार घेतले म्हणून पेन्शन बंद होत नाही. मला हे आमच्या पलटणीतल्या एका सुभेदार साहेबांनी सांगितलं, तेव्हा मी गेलो. घरच्यांनी सांगून जे पटत नाही ते जुन्या सोबत्याच्या तोंडून पटतं. वडिलांचा असा कोणी असेल तर त्याला घरी बोलवा.

पहिली पायरी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलीक्लिनिक. तिथे थेट मनाचा विषय काढू नका. "झोप लागत नाही, बीपी दाखवून येऊ" एवढंच म्हणा. ते खोटंही नाही. एकदा तिथल्या डॉक्टरांसमोर बसले की रात्रीचं ओरडणं, दचकणं तुम्ही सांगा. ते मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर करतात, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये किंवा योजनेतल्या खासगी रुग्णालयात. कार्डच काढलेलं नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

ते अजिबातच हलले नाहीत तर तुम्ही स्वतः १४४१६ वर फोन करा. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. कुटुंबातल्या माणसानेही फोन केला तरी चालतं. आईलाही करू द्या. रात्री तीही जागीच असते, आणि तिची विचारपूस सहसा कोणी करत नाही.

उपचारांत गोळ्या असतात, सर्ट्रालिनसारख्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे "फरक नाही" म्हणून मध्येच सोडू देऊ नका. पण ज्या घटनेचा आघात मनात बसलाय तिच्यावर नेमकं काम करणारी थेरपी जास्त महत्त्वाची. तज्ज्ञाच्या सोबतीने तीच आठवण पुन्हा पुन्हा, हळूहळू उलगडायची. सुरुवातीला हे जड जातं, हे मी लपवणार नाही. पण जी गोष्ट आठवली की मला घाम फुटायचा ती आज मी बसून सांगू शकतो. नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर मात्र समाधान मानू नका.

घरी: झोपेत ओरडले तर हलवून उठवू नका. पायथ्याशी, हाताच्या अंतराबाहेर उभं राहून नावाने हाक मारा, "तुम्ही घरी आहात" म्हणा. दिवाळीत फटाके कधी, कुठे वाजणार हे आधी सांगून ठेवा. त्रास आवाजापेक्षा अचानकपणाचा असतो. "किती मारले?" असं कौतुकाने विचारणाऱ्या पाहुण्यांना तिथल्या तिथे थांबवा. मला त्या प्रश्नाचा आजही संताप येतो.

दारूबद्दल एक सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. म्हणून "आजपासून थेंब नाही" अशी शपथ घालू नका, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

आणि आमच्यातले बरेच जण निवृत्तीनंतर बँकेत गार्ड लागतात, घरात लायसन्सची बंदूक असते. वडिलांकडे असेल तर उपचार सुरू होईपर्यंत ती घरात राहू देऊ नका. पोलीस ठाण्यात जमा करायची कशी ते विचारा. "मी नसलेलाच बरा" असं कधी बोलले असतील, तर हे काम आजच करा, त्यांना एकटं सोडू नका आणि जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. रेफरलचा कागद नंतर बघता येतो.