आधी आरबी समजून घे
हे बघ, शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आलास आणि कर्करोगावर काम करायचं म्हणतोस, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त सुरुवातीलाच सिग्नलिंगचे, म्हणजे पेशीतल्या संदेशवहनाचे, मोठमोठे तक्ते पाठ करत बसू नकोस.

आरबी हे ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होऊ न देणारं प्रथिन. ते ई२एफ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं, म्हणून पेशी डीएनएची प्रत काढायला लागत नाही. वाढीचा संदेश आला की सायक्लिन डी हे प्रथिन वाढतं, त्याच्या जोडीनं सीडीके४ आणि सीडीके६ ही कायनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारी एन्झाइम, कामाला लागतात आणि एटीपी या ऊर्जेच्या रेणूवरचं फॉस्फेट आरबीवर नेऊन बसवतात. पकड सुटते, ई२एफ मोकळं होतं, पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. या कायनेजना आवरणारं पी१६ हे प्रथिन गेलं, किंवा आरबीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, की लगाम उरत नाही. दोन्ही प्रती का, ते कळायला नुडसन यांचा १९७१ चा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगावरचा निबंध वाच. इतक्या साध्या आकडेमोडीतून एवढं मोठं अनुमान निघालं, याचं मला आजही नवल वाटतं. पी५३, पीटेन हे इतर ट्यूमर सप्रेसर मग सोपे जातील.

आणि वेस्टर्न ब्लॉटला, म्हणजे मेम्ब्रेनवर प्रथिनं उतरवून ती शोधायच्या चाचणीला, फॉस्फेट बसलेलं प्रथिन ओळखणारी फॉस्फो-अँटिबॉडी वापरणार असशील तर मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला, म्हणजे ब्लॉक करायला, दुधाची पावडर वापरू नकोस. दुधातल्या केसीनवरच फॉस्फेट असतं, सगळी पार्श्वभूमी काळवंडू शकते. बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, घे. पेशी फोडायच्या बफरमध्ये फॉस्फटेज इनहिबिटर, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना रोखणारं रसायन, टाक, नळी बर्फातच ठेव. कोल्हापूरच्या एप्रिलात तर टेबलावर क्षणभरही नको. रविवारी राजारामपुरीत भेट, सीडीके४ रोखणारी औषधं आरबी गमावलेल्या गाठीत का चालत नाहीत, ते बोलू.