बापाचं शिक्षण कायले पायजे?

दवाखान्यात बापाचं शिक्षण, आईचं लग्नाचं वय, सारं इचारलं. जन्मदाखल्यावर हे कायले पायजे? (ता. घाटंजी)

दाखल्यावर ते छापलंच जात नाही. जन्माच्या अहवालाचे, म्हणजे नमुना १ चे, दोन भाग असतात. नाव, जन्मतारीख, ठिकाण, आईवडील हा कायदेशीर भाग. दाखला त्यातून निघतो. शिक्षण, व्यवसाय, आईचं वय, बाळाचं वजन हे सांख्यिकी भागात जातं. अडीच किलोच्या आतली बाळं कोणत्या घरांत जास्त जन्मतात, हे या रकान्यांवरूनच दिसतं.

आम्ही अकोटचे, सुनेचं बाळंतपण तिच्या माहेरी धारणीला. गाव कोणतं लिहू?

नोंद धारणीलाच होईल. पण सांख्यिकी भागात ‘आईचं राहण्याचं गाव’ म्हणजे ती एरवी राहते ते, अकोट. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, म्हणून इथे घोळ फार होतो. नऊ महिने तिनं पाणी प्यायलं तुमच्या गावचं, आणि हिशेब चढला धारणीच्या नावावर!

आईचा व्यवसाय ‘गृहिणी’ लिहिला. चालेल ना?

ती निंदायला जाते का? कापूस वेचायला? रोजानं जात असेल तर ‘शेतमजूर’ लिहा. सातव्या महिन्यात दिवसभर वाकून निंदण केलेल्या बाईला कागदावर ‘काही नाही’ ठरवलं, तर त्या कामाचा बाळाच्या वजनाशी काय संबंध आहे ते कुणी तपासायचं कसं? बापाचंही तसंच. सरसकट ‘शेती’ लिहितात. पण तीन एकर कोरडवाहू असून वर्षभर दुसऱ्याच्या वावरात राबणारा माणूस वेगळा. माहिती सांगणाऱ्यानंच हे बोलायला हवं, लिहिणाऱ्याला काय माहीत?

लग्न सतराव्या वर्षी झालं. आता ती बावीसची आहे. एकोणीस लिहू का?

नाही. भीती समजते, पण हा आकडा दाखल्यावर येत नाही. सगळ्यांनी एकोणीस लिहिलं, तर तालुक्यात बालविवाह उरलेच नाहीत असं दिसेल.

आम्ही दोघंही सिकलसेलचे वाहक. कुठं लिहायचं?

नमुन्यात तसा रकानाच नाही. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार; वाहकाला स्वतःला तो नसतो, पण बाळाकडे जाऊ शकतो. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आशाताईंना सांगून बाळाची तपासणी करून घ्या.

नाव ठरलं नाही म्हणून नोंद राहिली.

नावासाठी थांबू नका. नोंद २१ दिवसांत करा. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.